समुद्राकडे जाणारी गल्ली

केळी आणि समुद्र यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही. पण माझ्या बाबतीत तो आहे खरा. माझे गाव सावदा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधे जिकडे पाहावे तिकडे केळीच्या बागा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर. आमच्या लहानपणी पाणी म्हणजे विहिरीचे, पाटाचे आणि फार झाले तर तापीचे. समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकात असे आणि परीक्षेपुरताच आमच्या उपयोगी पडे. सावदा स्टेशनातून केळी आगगाडीने उत्तरेला दिल्लीकडे जात. मी 1969 साली उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि नोकरीसाठी मुंबईला आलो.

परळला एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. खोलीत चार ट्रंका, चार वळकट्या आणि एक स्टोव्ह एवढे ठेवल्यावर माणसांनी कुठे बसावे हा प्रश्नच होता. तेव्हा संध्याकाळी कचेरी सुटली की मी चालत दादरच्या चौपाटीवर जाई. तिथे बसायला भाडे पडत नसे, कुणी नाव विचारत नसे, आणि दिवे लागेपर्यंत वाचता येई. श्रीमंतांच्या घरी दिवाणखाना असतो म्हणतात. माझा दिवाणखाना तो होता. त्या दिवाणखान्याकडे जाताना मी नेहमी एका ठरावीक गल्लीतून जात असे. दोन्ही बाजूंना चाळिशीच्या दशकातल्या तीनमजली इमारती, खिडक्यांतून येणारा रेडिओचा आवाज, आणि टोकाला एखादे चित्र टांगावे तसा समुद्राचा तुकडा. पुढे लग्न झाले, आणि योगायोग असा की 1981 साली मला भाड्याची जागा मिळाली ती याच गल्लीत. तेव्हापासून मी इथला रहिवासी आहे.

हे सगळे सांगायचे कारण, गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या सर्व इमारतींनी मिळून एक सभा घेतली. विषय होता गाड्या उभ्या करण्याचा.

त्या सभेतली तक्रार खोटी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. मी राहायला आलो तेव्हा गल्लीत दोन मोटारी होत्या. एक डॉक्टरांची, आणि दुसरी कुणा शेटजींची, जी बहुधा ढकलूनच चालू करावी लागे. आज एकट्या रहिवाशांच्याच चौतीस आहेत. ज्या काळात या इमारती बांधल्या त्या काळात, इथला भाडेकरू कधी मोटार घेईल, ही कल्पना बांधणाऱ्याला शिवलीही नसेल. म्हणून आवारात जागा नाही. मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या आता 40 लाखांच्या वर गेली आहे, आणि प्रत्येक मोटारीला उभे राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब इतकी तरी जागा लागते. म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची! ज्या शहरात एवढ्या खोलीत संसार झाले, मुले शिकली, लग्ने जमली, त्या शहरात जवळजवळ तेवढीच जागा आता एकेक मोटार मागते आहे, आणि तीही फुकट.

त्यात शनिवार-रविवार म्हणजे कहर. समुद्रावर येणारी मंडळी गाड्या घेऊन येतात आणि गल्लीत दोन्ही अंगांना लावून जातात. रात्री अकराला दमून आलेल्या रहिवाशाने आपली गाडी कुठे ठेवावी? महापालिकेने जुलै 2019 मध्ये, सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या राहणाऱ्या मोटारींना दहा हजारांपर्यंत दंड सुरू केला, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला होता ते पुष्कळांना आठवत असेल. दंडाने गाडी हलते; पण तिला जागा निर्माण होत नाही.

याहून गंभीर गोष्ट मे महिन्यात घडली होती. आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर आप्पा राहतात. वय ब्याऐंशी. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका वेळेवर आली. पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मधून तिला शिरता येईना. शेवटी आम्ही चौघांनी आप्पांना वेताच्या खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून मुख्य रस्त्यापर्यंत नेली. आप्पा बरे होऊन घरी आले. पण त्या पाऊणशे पावलांत त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनींच्या, चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही.

तेव्हा सभेत वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फाटक बसवा. ज्यांची घरे इथे आहेत त्यांनीच आत यावे," तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. गल्लीच्या तोंडाशी फाटक, फाटकापाशी रखवालदार, रहिवाशांच्या काचांवर परवान्याची चिठ्ठी, आणि शनिवार-रविवारी बाहेरच्यांना मज्जाव, असा अर्ज करण्याचे ठरले. कुणीतरी पुस्ती जोडली की नुसत्या गाड्यांनाच का, पायी येणारेही कचरा करतात. त्यांनी पलीकडच्या रस्त्याने जावे. आणि मी नोकरीत असताना कचेरीतले सगळे मराठी मसुदे करीत असे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी कागद घेऊन बसलो. पहिले वाक्य झोकात लिहिले: "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी." दुसऱ्या वाक्यात "आमची गल्ली" असे शब्द आले आणि लेखणी तिथेच थांबली. आमची म्हणजे कुणाची?

आमच्या गावाकडे या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. केळीच्या मुलखात जमिनीचा इंचन् इंच मोलाचा. बांध कोरण्यावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात. पण त्याच शिवारात शेताशेतांमधून गाडवाटा जातात, आणि त्या वाटेवर नांगर घालणाऱ्याला गाव चांगले म्हणत नाही. शेत तुझे, पण पलीकडच्या विहिरीवर आणि पलीकडच्या बागेत जाणारी वाट तुझी नाही, ती वहिवाटीची. केळीचा घड तोडल्यावर वेळेत बाहेर निघाला नाही तर वर्षाची मेहनत पिकून काळी पडते. म्हणून ही वाट म्हणजे नुसती सोय नव्हे, ते पोट आहे. सरकारनेही ते ओळखले आहे. 1906 सालच्या मामलेदार कोर्टांच्या कायद्यात शेताकडे जाणारी वाट कुणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येते, आणि तो अडथळा काढायला लावू शकतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही बांधावरून जाण्याच्या हक्काची तरतूद आहे. वाट अडवणाऱ्याची जमीन खरोखरच त्याची असते. त्याचा सातबारा खोटा नसतो. तरीही त्याला सांगण्यात येते की मालकी आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि महाशिवरात्रीला आम्ही तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या यात्रेला जात असू, तेव्हाची गोष्ट. शेकडो बैलगाड्या लोटत. वाहनतळ हा शब्द तेव्हा जन्माला यायचा होता. नदीकाठची मंडळी आपली खळी मोकळी करून देत. गाड्या सोडायच्या, बैलांना कडबा टाकायचा, आणि संगमावर जायचे. कुरबुरी होत नसत असे नाही. कुणाचा बैल कुणाची गंजी खाई आणि शिव्यांची देवाणघेवाण होई. पण संगम आमचा आहे, तुम्ही पुढच्या गावावरून जा, असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या चालीरीती मुंबईला काय लावता? तर पाण्याची वाट हा प्रश्न साऱ्या जगाचा आहे, आणि फार पुरातन आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने कायदे एकत्र केले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी सर्वांच्या सामाईक म्हणून सांगितल्या आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनाऱ्यासंबंधी जी अधिसूचना काढली, तिच्यात किनाऱ्यालगतच्या दोन हॉटेलांमध्ये निदान 20 मीटरची मोकळी वाट ठेवण्याची अट घातली होती. ही वाट हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी नव्हे; ज्यांना हॉटेलात पाऊल टाकणे परवडत नाही, त्यांना वाळूत पाऊल टाकता यावे म्हणून.

गोव्यात दोनापावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या 'सिदाद द गोवा' हॉटेलच्या जमिनीतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरून गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे दावा चालवला. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो लोकांच्या बाजूने. निसर्गाची अशी ठेव सरकारकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असते, ती कुणा एकाच्या सोयीसाठी बंद करता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलला पुन्हा हात दिला, हाही इतिहास आहे. कोर्टात जिंकलेली वाट विधिमंडळात हरवू शकते, तेव्हा वाट राखायची तर चालणाऱ्यांनीही जागे राहावे लागते.

माझा भाचा अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. मी त्याला फोनवर हे सारे सांगितले तेव्हा तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामा, तुमच्या गल्लीला मालिबूची हवा लागलेली दिसते!" मालिबू म्हणजे धनिकांच्या बंगल्यांचा किनारा. तिथली ओली वाळू कायद्याने सगळ्यांची. म्हणून काही बंगलेवाल्यांनी युक्ती काढली. 'येथे गाडी उभी करू नये' अशा खोट्या पाट्या लावल्या. इतकेच नव्हे, तर भिंतीला गॅरेजची खोटी दारे बसवली, म्हणजे दारासमोर कुणी गाडी लावू नये! समुद्र बंद करता येत नाही ना, मग गाडीची जागा बंद करा. माणूस आपोआप परत जातो. रहिवाशांना परवाने देण्याची पद्धत त्या देशात जुनी आहे. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमध्ये नोकरदार लोक गाड्या वस्तीत लावून कचेरीला जात, म्हणून तिथे रहिवाशांसाठी परवाने सुरू झाले, आणि 1977 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. पण तिथे समुद्र नव्हता. लॉस एंजलिसच्या व्हेनिस भागात रात्री फक्त रहिवाशांच्याच गाड्या राहू द्याव्यात अशी मागणी आली, तेव्हा किनाऱ्याची राखण करणाऱ्या आयोगाने 2010 साली ती फेटाळली. कारण पहाटे समुद्रावर येणाऱ्याने मग यावे कसे? एकाच देशात, एकाच परवान्याला, एका ठिकाणी होकार आणि दुसऱ्या ठिकाणी नकार. फरक एवढाच की दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला पाणी होते.

आमच्या रस्त्याच्या टोकालाही पाणी आहे. आणि त्या पाण्याकडे कोण कोण येते, ते मी चाळीस वर्षांहून अधिक काळ खिडकीतून पाहत आलो आहे. पहाटे फिरायला येणारे पेन्शनर, रविवारी एकुलत्या एका स्कूटरवर चौघे बसून येणारे कुटुंब, ज्यांना घरात दोन शब्द बोलायला कोपरा नाही अशी नवी लग्नाची जोडपी. अनंत चतुर्दशीला गणपती येतात. आणि डिसेंबरच्या सहा तारखेला जी माणसे येतात त्यांची तर गणतीच नाही. 7 डिसेंबर 1956 रोजी याच चौपाटीवर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे भाकरी बांधून इथे येतात. त्यांत भुसावळकडच्या गाड्यांनी येणारी माझ्या मुलखाची माणसेही असतात. बोली कानावर पडली की मी ओळखतो. ज्या समाजाला एके काळी तळ्याच्या पाण्याकडे जाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच्या वाटेवर आपण फाटक घालायचे? आणि ते कशासाठी, तर चौतीस मोटारींसाठी?

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी जो आग्रह धरला, तोही मला याच जातीचा वाटतो. समुद्रात पुलाचे खांब उभे राहणार होते, आणि दोन खांबांमधले अंतर 60 मीटर ठेवलेले होते. कोळी म्हणाले, वाऱ्यापावसात आमच्या होड्या यातून जायच्या कशा? पुष्कळ भांडणानंतर ते अंतर 120 मीटर करण्यात आले. रस्ता झाला आणि होड्यांची वाटही राहिली.

हे सगळे मी घरी सौभाग्यवतींना ऐकवले. त्यांनी ते भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आपली गाडी नाही, म्हणून तुम्हाला हे सुचते आहे. आप्पांच्या जागी तुम्ही असतात तर?"

हा प्रश्न मात्र रोमन सम्राटाला विचारून सुटणारा नव्हता. मी खाली उतरलो आणि रविवारच्या गर्दीत गल्ली मोजली. उजव्या बाजूला अठरा गाड्या, डाव्या बाजूला अठरा. मग पहारेकऱ्याला घेऊन ओळखीच्या गाड्या वेगळ्या केल्या. छत्तिसांपैकी एकवीस आमच्याच होत्या! म्हणजे त्या दिवशी रुग्णवाहिका अडली ती काही एकट्या परक्यांमुळे नव्हे. फाटक बसवून पंधरा बाहेरच्या गाड्या घालवल्या असत्या, तर त्यांच्या जागी आमच्या उरलेल्या तेरा आल्या असत्या, आणि आप्पांची खुर्ची पुन्हा चौघांनाच उचलावी लागली असती. परवान्याने रस्ता रिकामा होत नाही. तो कुणी भरायचा एवढेच ठरते. शिवाय आमचा मुलगा ठाण्याला राहतो आणि दर रविवारी नातीला घेऊन येतो. नव्या नियमाप्रमाणे तोही परकाच!

मग मी अर्ज लिहिला तो असा. फाटक नको. पायी चालणाऱ्याला कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी अडवू नये. गल्लीची डावी बाजू बारा महिने पूर्ण मोकळी राहावी. तिथे परक्याचीही गाडी नको आणि आमचीही नको. उजव्या बाजूला रात्री अकरा ते पहाटे पाच रहिवाशांना परवाना असावा, त्याचे पैसे घ्यावेत. पाचनंतर जो आधी येईल त्याची जागा.

सभेत हा मसुदा वाचला तेव्हा पहिली पाच मिनिटे कुणी काही बोलले नाही आणि पुढची दोन तास कुणी थांबले नाही. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी विचारले, "म्हणजे आमच्या सोळा गाड्या आम्ही स्वतःहून गल्लीबाहेर घालवायच्या? पैसे भरून लांबच्या वाहनतळावर ठेवायच्या?" मी म्हटले, "होय." याहून गोड उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्याच आठवड्यात सावद्याहून माझा मावसभाऊ डोळ्यांच्या उपचारासाठी आमच्याकडे आला होता. तो कोपऱ्यात बसून सारे ऐकत होता. न राहवून मोठ्याने म्हणाला, "पान्याच्या वाटीले कुठी फाटक राहे का बापा?" सभा हसली. त्या हसण्याने माझ्या सगळ्या कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त काम केले असावे. फाटक थोड्या मतांनी पडले. डावी बाजू मोकळी ठेवण्याचा ठराव त्याहूनही थोड्या मतांनी पास झाला. वहिनींनी दोन्ही वेळा माझ्याविरुद्ध हात वर केला, आणि मला त्यांचा राग आला नाही. ज्यांच्या घरातली खुर्ची उचलली गेली, त्यांनी भिंत मागावी यात नवल ते काय?

अर्जावर अजून उत्तर यायचे आहे. पण ठरावाप्रमाणे रहिवाशांच्या गाड्या डाव्या बाजूवरून एकेक करून हलल्या. तीन अजून हटवादीपणे उभ्या आहेत. बाहेरच्यांना तिथे गाडी लावू नका म्हणून सांगायला आम्ही म्हातारे पाळीपाळीने रविवारी खुर्च्या टाकून बसतो. सांगितले की पुष्कळ जण ऐकतात. काही जण वाद घालतात, पण तेही शेवटी ऐकतात. कारण ती बाजू आम्हीही वापरत नाही हे त्यांना समोर दिसते. सप्टेंबरात एकदा गल्लीत पुन्हा रुग्णवाहिका आली. या खेपेला ती दारापर्यंत गेली.

वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. परवा मात्र फराळाचे ताट आले, चिवडा नेहमीप्रमाणे तिखट. त्यांची खिडकी तळमजल्यावर, अगदी रस्त्याला लागून; म्हणून नवखी माणसे पत्ता विचारायला तिथेच थांबतात. काल संध्याकाळी कुणी एक बाई दोन मुलांना घेऊन थांबली होती. बोलण्यावरून लांबची वाटली. तिने विचारले, "समुद्राकडे हीच वाट ना?" वहिनी कंदिलाची झिरमिळी बांधत होत्या. त्यांनी वर न पाहताच हात केला आणि म्हणाल्या, "हीच. सरळ जा. आणि पोरांना डाव्या बाजूने ने, तिकडे गाड्या नसतात."